परदेशी नोकरीतले रजेचे पैसे आणि १२.०७ टक्क्यांचा वाद

मुंबईच्या गिरणी कामगारांनी १८९० मध्ये रविवारची सुट्टी मिळवली. सुट्टीच्या दिवसांचा पगार हा त्यापुढचा प्रश्न. त्यावर पहिला आंतरराष्ट्रीय करार व्हायला १९३६ उजाडलं, तोही वर्षभराच्या नोकरीनंतर किमान सहा दिवसांचा. आपल्याकडची ‘वीस दिवस कामाला एक दिवस रजा’ ही रीत १९४८ च्या कारखाने कायद्यातली. परदेशी निघालेला दादर-डोंबिवलीचा माणूस ऑफर लेटर वाचतो तो हाच हिशोब डोक्यात ठेवून, आणि घोळ तिथेच सुरू होतो.

ब्रिटनमध्ये जवळजवळ सगळ्या नोकरदारांना कायद्याने भरपगारी रजा मिळाली ती १९९८ मध्ये, युरोपीय संघाच्या निर्देशाच्या, म्हणजे सदस्य देशांना बंधनकारक नियमाच्या रेट्यामुळे. त्या पहिल्या नियमांत एक मेख होती. सलग १३ आठवडे नोकरी झाल्याशिवाय रजेचा हक्कच लागू होत नसे. थोड्या थोड्या मुदतीची कामं करणाऱ्यांच्या एका संघटनेने हे प्रकरण युरोपीय न्यायालयात नेलं आणि २००१ मध्ये ती अट गेली. आज तिथे रुजू झाल्या दिवसापासून रजा मिळू लागते ती त्यांच्यामुळे. २००९ पासून हा हक्क वर्षाला ५.६ आठवड्यांचा, म्हणजे पाच दिवसांच्या आठवड्याला २८ दिवसांचा आहे. इंग्लंडमधले आठ बँक हॉलिडे, म्हणजे सार्वजनिक सुट्ट्या, या २८ मध्येच धरायची मालकाला मुभा आहे. गणपती-दिवाळी त्या आठांत नाहीत, तेव्हा घरी यायचं ते उरलेल्या २० दिवसांतून.

खरा वाद आहे तो शिफ्टवाल्यांच्या रजेचा. केअर होम, हॉटेल, गोदाम ही कामं आपली शिकायला गेलेली मुलंही करतात. तास दर आठवड्याला बदलतात, मग रजेचा पगार काढायचा कसा? मालकांनी गणित मांडलं. ५२ आठवड्यांतून ५.६ वजा केले की उरतात ४६.४, आणि ५.६ म्हणजे त्याचे १२.०७ टक्के. पुष्कळ ठिकाणी ही रक्कम ताशी दरातच मिसळून दिली जाऊ लागली. १३ पौंडांचा दर असेल तर वर १ पौंड ५७ पेन्स. प्रत्यक्ष रजा घेतली की त्या आठवड्याला काहीच नाही, कारण पैसे आधीच दिलेले. २००६ मध्ये युरोपीय न्यायालयाने ही पद्धत निर्देशाविरुद्ध ठरवली. अशाने विश्रांतीच्या जागी नुसता भत्ता येतो, ही त्यांची हरकत होती. प्रथा तरीही पुरती बंद झाली नाही.

पुढे शाळेच्या सत्रांपुरतं शिकवणाऱ्या एका संगीत शिक्षिकेने आव्हान दिलं. शाळा तिला १२.०७ टक्क्यांनी पैसे देत होती. तिचं म्हणणं असं, की करार वर्षभराचा आहे, तर सरासरी आठवड्याच्या पगाराने पूर्ण ५.६ आठवडे मिळायला हवेत. जुलै २०२२ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने ते मान्य केलं. अशा माणसाला पूर्णवेळ काम करणाऱ्यापेक्षा प्रमाणात जास्त रजा मिळते, हे उघड दिसत असूनही न्यायालय मागे हटलं नाही.

मालकवर्गाची ओरड झाली आणि सरकारने नियमच बदलले. १ एप्रिल २०२४ पासून पुढे सुरू होणाऱ्या रजावर्षांत, अनियमित तासांच्या किंवा वर्षातला काही काळच चालणाऱ्या कामाला १२.०७ टक्केच लागू झाले. रक्कम पगारात मिसळून द्यायलाही परवानगी मिळाली, फक्त पेस्लिपवर ती वेगळी दाखवायची. हिशोब सोपा झाला हे मान्य. पण २००६ ची हरकत त्याने निकालात निघत नाही. नवखा मुलगा १४ पौंड ५७ पेन्स हाच आपला दर धरतो, खोलीचं भाडं त्यावर बसवतो, आणि गणपतीला तीन आठवडे घरी आला की खात्यात काही जमा होत नाही. या बदलात मालकाची सोय आधी पाहिली गेली, असं माझं स्पष्ट मत आहे.

डेन्मार्कमध्ये २०२० पर्यंत याहून कठीण होतं. एका कॅलेंडर वर्षात कमावलेली रजा पुढच्या १ मेपासून वापरायची, त्यामुळे जानेवारीत रुजू झालेल्याला भरपगारी रजेसाठी १६ महिने थांबावं लागे. सप्टेंबर २०२० पासून रजा त्याच वर्षी वापरता येते. नॉर्वेत मात्र अजूनही रजेचे पैसे, किमान १०.२ टक्के, आदल्या वर्षीच्या कमाईवरच निघतात. पहिल्या वर्षी रजा मिळते, तिचे पैसे मिळत नाहीत.

आखातात, जिथे मुंबईची माणसं पिढ्यान् पिढ्या जात आली, अमिरातींनी १९८० चा कामगार कायदा बदलून फेब्रुवारी २०२२ पासून नवा आणला. वर्ष भरलं की ३० दिवस, सहा महिन्यांनंतर आणि वर्षाच्या आत महिन्याला दोन दिवस. नोकरी सोडताना शिल्लक रजेचे पैसे मिळतात ते मात्र फक्त बेसिकवर. पत्रात बेसिक लहान आणि भत्ते मोठे असतील, तर शिल्लक रजेची रक्कमही तेवढीच लहान निघते.