पायांच्या ताकदीतील असमतोल : साठ टक्क्यांच्या आकड्यामागची पार्श्वभूमी

रत्नागिरीपासून सावंतवाडीपर्यंत तायक्वांदो, कराटे आणि ज्युदो शिकणाऱ्या मुलांच्या गुडघ्याच्या किंवा मांडीच्या दुखापतीची चर्चा निघाली, की मांडीच्या मागच्या स्नायूंची, म्हणजे हॅमस्ट्रिंगची ताकद त्याच पायाच्या पुढच्या स्नायूंच्या निदान साठ टक्के असावी, हा दंडक सांगितला जातो. हा दंडक मुळात लढतीच्या खेळांतून आलेलाच नाही; त्यामागे दुखापतीतून सावरण्याचा आणि स्नायूंची ताकद मोजण्याचा वेगळा इतिहास आहे.

दुसऱ्या महायुद्धात जखमी सैनिकांचे गुडघे सावरण्यासाठी अमेरिकेत थॉमस डीलॉर्म यांनी टप्प्याटप्प्याने वजन वाढवण्याची पद्धत रूढ केली. पण स्नायूची ताकद हालचालीच्या प्रत्येक कोनात मोजण्याची सोय १९६० च्या दशकात आयसोकायनेटिक यंत्र आल्यावरच झाली. खेळाडूने कितीही जोर लावला तरी हे यंत्र गुडघ्याचा वेग ठरावीक ठेवते आणि त्या वेगात किती बल लागले ते नोंदवते. १९७० मध्ये बर्केट या संशोधकाने दोन्ही पायांच्या हॅमस्ट्रिंगमधील तफावतीचा संबंध स्नायू फाटण्याशी जोडला आणि पुढची काही दशके तफावतीचे टक्के मोजण्यातच गेली. २००८ मध्ये ४६२ व्यावसायिक फुटबॉलपटूंच्या अभ्यासात असमतोल दुरुस्त न केलेल्यांना दुखापती जास्त झाल्याचे आढळले. मात्र अशा चाचण्यांवरून अमक्या खेळाडूला दुखापत होईल असे आधी सांगता येत नाही, हा क्रीडावैद्यकातील संशोधक रोआल्ड बार यांचा २०१६ चा आक्षेपही तितकाच वजनदार आहे, आणि माझ्या मते प्रशिक्षकांनी तो आधी वाचायला हवा.

लढतीच्या खेळांत प्रश्न आणखी गुंतागुंतीचा होतो, कारण एक पाय पुढे ठेवून उभे राहणे हेच तिथले मूळ तंत्र असल्यामुळे दोन पायांवर येणारा भार कधीच सारखा नसतो आणि काही तफावत ही सरावाचीच खूण असते. तायक्वांदोत लाथेचा आघात आपोआप नोंदवणारे इलेक्ट्रॉनिक छातीकवच आल्यावर (ऑलिंपिकमध्ये ते २०१२ च्या लंडन स्पर्धेपासून आले) पुढच्या पायाने मारायच्या लाथांचे प्रमाण वाढले. पुढचा पाय उचलून धरला की सारे वजन मागच्या पायावर येते, आणि मॅटवर पाऊल चिकटलेले असताना शरीर वळले तर पीळ त्या गुडघ्याला बसतो. लाथ मारणारा पाय झपाट्याने सरळ होताना त्याला शेवटी आवरण्याचे काम हॅमस्ट्रिंगचे असते, म्हणून ताणले जात असताना हा स्नायू किती बल देतो हे अधिक महत्त्वाचे ठरते.

आपल्या तालमींच्या बैठकांनी मांडीचा पुढचा भाग भक्कम होतो, मागचा त्या मानाने कमी. लाखो रुपयांचे यंत्र तालुक्याच्या वर्गाला परवडणारे नाही. मात्र जोडीदाराने घोटे दाबून धरायचे आणि गुडघ्यांवर बसलेल्याने कंबर न वाकवता सावकाश पुढे झुकायचे, या नॉर्डिक व्यायामाला मॅटशिवाय काही लागत नाही. एका पायावरच्या उडीचे अंतर टेपने मोजण्याची चाचणीही स्वस्त आहे, पण त्यात अशक्त गुडघ्याची उणीव कंबर आणि घोटा भरून काढतात आणि दोन्ही पायांचे अंतर सारखे आले तरी तफावत झाकलेलीच राहू शकते.