उसांबाराच्या कातळावरून खिडकीत : आफ्रिकन व्हायोलेटची पार्श्वभूमी

आफ्रिकन व्हायोलेटचं रोप कुणी भेट दिलं, की त्यासोबत सूचनांची एक यादीही येते. थेट ऊन दाखवू नका. पानांवर गार पाणी पडू देऊ नका. कुंडी लहानच ठेवा. पाणी बेतानं घाला. माणसं यातलं बरंचसं पाळतात, तरी दोन-तीन महिन्यांत रोप मान टाकतं आणि 'फार नाजूक झाड' असा शिक्का त्याच्यावर बसतो. मला हा शिक्का अन्यायाचा वाटतो. या झाडाला एका ठरावीक जागेची सवय आहे, इतकंच. ती जागा कोणती आणि तिथून ते आपल्या खिडकीत कसं आलं हे एकदा समजलं, की यादी पाठ करावी लागत नाही.

आजच्या टांझानियाच्या ईशान्य कोपऱ्यात टांगा नावाचं बंदर आहे आणि त्याच्या मागे उसांबारा डोंगर. हिंदी महासागरावरून येणारे ओले वारे या डोंगरांना अडतात. त्या पावसावर आणि धुक्यावर इथली प्राचीन जंगलं पोसली गेली. त्यांच्या दाट सावलीत, ओढ्याकाठच्या उभ्या कातळांवर हे झाड रानात वाढतं. भेगेत थोडं शेवाळ, पालापाचोळा कुजून झालेली मूठभर माती, खोली दोन-तीन बोटं. एवढ्यावर त्याचा संसार. पाऊस पडला की पाणी लगेच निथळून जातं, हवा मात्र दमट राहते. ऊन येतं ते वरच्या झाडांच्या पानांतून गाळून. कडाक्याची थंडी नाही आणि भाजून काढणारा उन्हाळाही नाही.

आता त्या यादीकडे पुन्हा पाहा. मुळं उथळ आणि केसासारखी बारीक आहेत, कारण खोल जायला कधी जागाच नव्हती. मोठ्या कुंडीत मुळांना न पुरणारी माती दिवसेंदिवस ओली राहते, तिच्यात हवा खेळत नाही आणि मुळं कुजतात. म्हणून रोपाचा पसारा जेवढा, त्याच्या साधारण एक तृतीयांश रुंदीची कुंडी पुरे होते. घरातली बहुतेक व्हायोलेट तहानेनं मरत नाहीत, पाण्यानं मरतात. त्यातही फसगत अशी, की मुळं कुजलेलं रोपही तहानलेल्या रोपासारखंच पानं खाली टाकतं. ते पाहून आपण कळवळून आणखी पाणी घालतो. माझं पहिलं रोप मी असंच घालवलं.

नावाचाही खुलासा करायला हवा. खऱ्या व्हायोलेटशी या झाडाचं नातं नाही. ग्रीक भाषेत 'आयॉन' म्हणजे व्हायोलेटचं फूल आणि 'अँथोस' म्हणजे फूल. त्यावरून या झाडाच्या शास्त्रीय नावातला शब्द 'आयोनँथा', म्हणजे व्हायोलेटसारख्या फुलांचं. साम्य रंगारूपाचं, कुळ वेगळं. हे गेस्नेरिएसी कुळातलं झाड. कुळाचं हे नाव सोळाव्या शतकातले स्विस निसर्गअभ्यासक कॉन्राड गेस्नर यांच्या स्मरणार्थ आहे.

झाड 'सापडलं' कधी, या प्रश्नाचं उत्तर विचारणाऱ्यावर अवलंबून आहे. उसांबारात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या शांबा लोकांच्या पायवाटांवरच ते वाढत होतं, त्यांना ते सापडायचा प्रश्नच नव्हता. युरोपातल्या वनस्पतिशास्त्राच्या दफ्तरात मात्र ते अडखळत पोचलं. झांझिबारमधले ब्रिटिश अधिकारी सर जॉन कर्क यांनी १८८४ मध्ये आणि डब्ल्यू. ई. टेलर या धर्मोपदेशकांनी १८८७ मध्ये त्याचे नमुने लंडनजवळच्या क्यू उद्यानाकडे पाठवले होते. पण त्यावरून नव्या झाडाचं शास्त्रीय वर्णन करता येईल इतकी सामग्री त्यांत नव्हती. ते नमुने तसेच पडून राहिले.

१८९२ मध्ये हा भाग जर्मनीची वसाहत होता आणि बॅरन वॉल्टर फॉन सेंट पॉल-इलेर हे तिथले जिल्हा अधिकारी होते. त्यांना हे झाड दोन ठिकाणी दिसलं. एक टांगाजवळ, समुद्रसपाटीपासून फार उंच नसलेल्या चुनखडीच्या कातळात, आणि दुसरं वर उसांबाराच्या जंगलात. त्यांनी ते जर्मनीत वडिलांकडे पाठवलं. वडील स्वतः झाडांचे शौकीन. त्यांनी ते हॅनोव्हरच्या हेरेनहाउझेन राजउद्यानाचे संचालक हेर्मान वेंडलांड यांच्याकडे सोपवलं. वेंडलांड यांनी १८९३ मध्ये त्याचं नाव ठेवलं 'सेंटपॉलिया आयोनँथा'. त्याच वर्षी बेल्जियममधल्या गेंट शहरात भरलेल्या आंतरराष्ट्रीय प्रदर्शनात ते मांडलं गेलं आणि वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीनं सर्वांत लक्षवेधी ठरलेल्या दोन झाडांत त्याची गणना झाली. दुसरं झाड एक ऑर्किड होतं.

दोन ठिकाणांची ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरली. एडिंबराच्या वनस्पती उद्यानातले बी. एल. बर्ट यांनी विसाव्या शतकाच्या मध्यावर सेंटपॉलिया या प्रजातीचा, म्हणजे जवळच्या जातींच्या या गटाचा, बारकाईनं अभ्यास केला आणि एका जातीला 'कॉन्फ्युजा' असं नाव दिलं. लॅटिनमध्ये याचा अर्थच सरमिसळ झालेली. आज घराघरांत दिसणाऱ्या व्हायोलेटच्या रक्तात आयोनँथाबरोबर या कॉन्फ्युजाचाही वाटा मानला जातो. म्हणजे सुरुवातीपासूनच एक समजून दोन जाती वाढवल्या गेल्या असाव्यात.

एरफुर्टच्या एर्न्स्ट बेनारी या बियाणं कंपनीनं हे झाड बाजारात आणलं, आणि १८९४ मध्ये ते न्यूयॉर्कलाही पोचलं. पण पुढची तीस-बत्तीस वर्षं ते काचघरापुरतंच राहिलं. घरात ते का टिकेना? थंड देशांतल्या घरांत तेव्हा शेगडी विझली की रात्री गारठा पडे, आणि दिवे होते कोळशाच्या गॅसचे. सेंट पीटर्सबर्गमध्ये दिमित्री नेल्युबोव्ह यांनी १९०१ मध्ये दाखवून दिलं, की दिव्याच्या या गॅसमधला इथिलीन नावाचा वायू झाडांची वाढ वाकडी करतो. आफ्रिकन व्हायोलेट तर इथिलीनला इतकं संवेदनशील, की थोडाही लागला तरी टवटवीत फुलं गळून पडतात. (पिकती फळंही इथिलीन सोडतात, म्हणून त्यांची टोपली त्याच्या शेजारी ठेवू नये.) घरात विजेचे दिवे आणि रात्रभर टिकणारी ऊब आली, तेव्हा या झाडाला दार उघडलं, असं मला वाटतं. झाड तेच होतं, घरं बदलली.

मग लॉस एंजेलिसचा अध्याय. तिथल्या 'आर्माकॉस्ट अँड रॉयस्टन' या रोपवाटिकेनं १९२०च्या दशकाच्या उत्तरार्धात जर्मनी आणि इंग्लंडमधून बी मागवलं. हजारभर रोपं वाढवली, निवडत निवडत शेवटी दहाच ठेवली आणि १९३०च्या दशकात ती विक्रीला आणली. 'ब्लू बॉय', 'सेलर बॉय', 'अ‍ॅडमिरल', 'अ‍ॅमेथिस्ट', 'नेपच्यून', 'व्हायकिंग' ही त्यांतली काही नावं. सगळी निळ्या-जांभळ्या छटांची, एकेरी पाकळ्यांची. आज जे हजारो वाण आहेत, त्यांच्यापैकी बहुतेकांची वंशावळ या दहांपाशी येऊन थांबते.

यातलं 'ब्लू बॉय' विलक्षण निघालं. त्याच्या पोटी आपोआप बदल होत गेले. कुठे दुहेरी पाकळ्यांचं फूल आलं, कुठे गुलाबी. १९४०च्या दशकाच्या आरंभी त्यातून 'ब्लू गर्ल' निपजलं. त्याच्या पानाची कड कातरलेली आणि देठापाशी एक फिकट पांढरा ठिपका. तसल्या पानाला आजही 'गर्ल' पान म्हणतात आणि साध्या पानाला 'बॉय'. फुलाच्या लिंगाशी याचा काही संबंध नाही, नावं फक्त त्या दोन वाणांवरून पडली.

१९४६ मध्ये अमेरिकेतल्या अटलांटात या एकाच झाडाचं प्रदर्शन भरलं आणि त्यातून 'आफ्रिकन व्हायोलेट सोसायटी ऑफ अमेरिका' उभी राहिली. नव्या वाणांची नोंद ठेवण्याचं काम जगभरासाठी तीच करते. एका झाडाभोवती एवढी माणसं का जमली, याचं उत्तर त्याच्या पानात आहे. पान देठासकट खुडायचं, देठ तिरपा कापून दीड-दोन इंच ठेवायचा, भुसभुशीत ओलसर मिश्रणात खोचायचा. महिन्याभरात मुळं धरतात. आणखी महिन्या-दीड महिन्यानं मातीतून उंदराच्या कानाएवढी पानं डोकावतात. एका पानातून तीन-चार रोपं सहज मिळतात. पान ओल्या कागदात गुंडाळून पाकिटात घातलं की टपालानं जातं. श्रीमंतांच्या काचघरातली वनस्पती अशी पाकिटापाकिटानं सामान्य घरांत पोचली.

दुसरी मदत ट्यूबलाइटनं केली. १९३८च्या सुमारास हे दिवे बाजारात आले. त्यांचा उजेड थंड, त्यामुळे पानांपासून वीतभर अंतरावर टांगले तरी पान करपत नाही. व्हायोलेटला फुलायला विशिष्ट ऋतू लागत नाही, दिवसाकाठी पुरेसा उजेड मिळाला की झालं. रोज बारा-चौदा तास दिवा, आणि तळघरातल्या फळीवरही बारमाही बहर. आज ट्यूबची जागा एलईडीनं घेतली आहे. ज्यांची रोपं वर्षानुवर्षं हिरवीगार राहतात पण फुलत नाहीत, त्यांना माझं एकच सांगणं असतं : खत बदलण्याआधी उजेड वाढवा.

फूल कधी भिंगाखाली धरून बघा. पाच पाकळ्या, मधोमध दोन पिवळेधमक परागकोश, आणि त्यांच्या बाजूनं एक बारीक दांडी वाकून बाहेर आलेली. ती दांडी म्हणजे कुक्षिवृंत. एका फुलात ती डावीकडे वाकलेली असते, तर त्याच रोपावरच्या दुसऱ्या फुलात उजवीकडे. या फुलात मध नसतो. रानात मधमाश्यांची काही भाईबंद मंडळी परागासाठी येतात, परागकोशाला धरून पंखांचे स्नायू थरथरवतात आणि त्या कंपनानं पराग बाहेर उडतो. डावी-उजवी दांडी असल्यानं माशीच्या अंगावरचा पराग दुसऱ्या फुलावर जायची शक्यता वाढते. घरात ती माशी नसते, म्हणून बी धरवायचं तर परागकोश हातानं फोडून दांडीच्या टोकावर, म्हणजे कुक्षीवर, टेकवावा लागतो.

चक्रीसारखे पट्टे असलेली व्हायोलेट महाग का, हेही याच शरीररचनेत आहे. त्यांना 'कायमेरा' म्हणतात. त्यांच्या अंगात दोन वेगळ्या जनुकीय घडणीच्या पेशींचे थर एकत्र नांदतात. पानापासून केलेलं रोप मात्र थोड्याच पेशींतून उगवतं, त्यामुळे पट्टे हरवतात. असं रोप वाढवायचं तर बुंध्यातून फुटलेली पिल्लं किंवा फुलाचा दांडा लावावा लागतो, आणि ते काम सावकाश होतं. पिवळ्याची कथा आणखी लांबली. रानात पिवळं नव्हतंच. फिकट पिवळी छटा मिळायला १९८०च्या दशकाची अखेर उजाडली.

या कुळातल्या भावंडांचे इतिहासही याच धर्तीचे आहेत, पण दोघांवरच थांबतो. ग्लॉक्झिनिया ब्राझीलचं. १८१७ मध्ये लंडनच्या लॉडिजेस रोपवाटिकेतून ते जगापुढे आलं. रानातलं त्याचं फूल मान खाली घातलेलं, चपलेच्या आकाराचं. १८४०च्या दशकात स्कॉटलंडमधल्या जॉन फाइफ या माळ्याच्या रोपांत एक फूल सरळ वर तोंड करून, घंटेसारखं गोल उमललं. आज फुलवाल्याकडे मिळणारं ग्लॉक्झिनिया त्या सरळ तोंडाच्या फुलाचा वारसा सांगतं. शास्त्रीय नाव बदलून 'सिनिंजिया' झालं, तरी बोलण्यातलं जुनं नाव गेलं नाही.

दुसरं भावंड स्ट्रेप्टोकार्पस. ग्रीकमध्ये पीळदार फळ. त्याची शेंग दोरीसारखी पिळलेली असते. १८२०च्या दशकात दक्षिण आफ्रिकेतल्या नाइझ्नाच्या जंगलातून जेम्स बोवी यांनी ते क्यूला पाठवलं. त्याच्या काही जातींत आयुष्यभर एकच पान वाढत राहतं, हातभर लांब होतं आणि त्याच्या बुडाशीच फुलं येतात. घरासाठी सोयीचे वाण १९४०च्या दशकात इंग्लंडच्या जॉन इनेस संस्थेत तयार झाले, त्यांतलं 'कॉन्स्टंट निम्फ' अजूनही लावलं जातं. याला व्हायोलेटपेक्षा थोडी गार हवा मानवते.

या भावंडाचा आणि व्हायोलेटचा संबंध वाटला त्यापेक्षा जवळचा निघाला. १९९०च्या दशकापासून डीएनए तपासले गेले, तेव्हा सेंटपॉलिया ही वेगळी प्रजात नसून स्ट्रेप्टोकार्पसच्याच वंशवृक्षावरची एक फांदी आहे असं दिसलं. २०१५ मध्ये वर्गीकरण बदललं आणि आपलं व्हायोलेट 'स्ट्रेप्टोकार्पस आयोनँथस' झालं. शौकीन लोक अजून सेंटपॉलियाच म्हणतात, आणि मीही.

पानांवरच्या गार पाण्याचं राहिलं. पान ओलं झाल्यानं डाग पडत नाही. पाणी पानापेक्षा बरंच गार असेल तर कातडीखालच्या हिरव्या पेशींना अचानक धक्का बसतो, त्या कोसळतात आणि पाणी जिथे टेकलं तिथे पिवळट कडं उमटतं. ते कडं पुन्हा हिरवं होत नाही. उसांबारात थेंब आणि पान एकाच हवेतले, म्हणून तिथे हा प्रश्न येत नाही. तांब्याभर पाणी रात्रभर खोलीत ठेवून सकाळी घातलं, तर आपल्याकडेही येत नाही.

त्या डोंगरांत मात्र आता वेगळाच प्रश्न आहे. शेती, मळे आणि लाकूडतोड यांनी उसांबारातलं बरंच जंगल नेलं. वरचं झाड तोडलं की खालचा कातळ उन्हात उघडा पडतो, शेवाळ वाळतं आणि व्हायोलेट संपतं. त्याला कुणी हात लावायचीही गरज नसते. काही रानजाती एखाद-दुसऱ्या डोंगरापुरत्याच उरल्या आहेत. १९९७ मध्ये पूर्व उसांबारात अमानी राखीव वन झालं, त्यात काहींना आसरा मिळाला. रोगाला तोंड देणारे, थंडी सोसणारे गुण शोधायचे झाले तर याच रानजातींकडे जावं लागेल. ते गुण त्या दहा रोपांत आलेच होते असं नाही.

'ब्लू बॉय' आजही लावलं जातं. बियाण्यातून नव्हे, पानातून. लॉस एंजेलिसच्या त्या रोपाचं पान, त्या पानाच्या रोपाचं पान, असं करत शंभरेक वर्षं तेच एक शरीर पुढे चाललं आहे. या आठवड्यात मी त्याचं एक पान खोचलं. देठ तिरपा कापला आहे, कुंडीवर काचेचा पेला पालथा घातला आहे आणि आतून दव धरलं आहे.