अपघात होण्याआधीची नोंद

राष्ट्रीय महामार्गावरचा एखादा पट्टा 'ब्लॅक स्पॉट' कधी ठरतो? केंद्र सरकारचा निकष असा: सुमारे 500 मीटरच्या अंतरात तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे 5 अपघात, नाहीतर 10 मृत्यू. म्हणजे रस्ता धोक्याचा आहे हे कागदावर यायला आधी माणसं जावी लागतात.

हा क्रम बदलण्यासाठी नागपुरात 2021 मध्ये 'आयरास्ते' प्रकल्प सुरू झाला. बस महानगरपालिकेच्या, सोबत इंटेल आणि महिंद्रासारख्या कंपन्या, अभ्यासाला हैदराबादची ट्रिपल आयटी ही माहिती-तंत्रज्ञान संस्था आणि केंद्रीय रस्ते संशोधन संस्था. शहरातल्या 'स्मार्ट' म्हणवणाऱ्या कामांत मला हे सर्वांत मोलाचं वाटतं.

बसच्या समोरच्या काचेवर एक कॅमेरा असतो. एकाच कॅमेऱ्याला धडकेचा अंदाज कसा येतो? समोरच्या गाडीचं चित्र किती झपाट्याने मोठं होतंय, त्यावरून. चित्राची रुंदी 100 पिक्सेल असेल आणि ती सेकंदाला 50 पिक्सेलने वाढत असेल, तर 100 भागिले 50, म्हणजे दोन्ही गाड्यांचे वेग तसेच राहिल्यास धडकेला उरले साधारण 2 सेकंद. गाडी किती मीटरवर आहे हे ठाऊक नसलं तरी चालतं! ताशी 40 किलोमीटर वेगाची बस सेकंदाला 11 मीटर पुढे जाते, त्यामुळे धडक जवळ आली की यंत्राने वेळेवर वाजवलेली शिटी चालकासाठी फार मोठी मदत असते.

शिटी वाजली की जागा आणि वेळही नोंदली जाते. जिथे अशा नोंदी दाटतात तो 'ग्रे स्पॉट': अजून कुणाचा जीव गेलेला नाही, पण जाऊ शकतो. एखाद्या चौकात वर्षाला एक-दोनच गंभीर अपघात होतात. एवढ्या आकड्यांवरून योगायोग आणि धोका वेगळे करता येत नाहीत. थोडक्यात टळलेले प्रसंग मात्र कितीतरी जास्त असतात. गतिरोधक टाकला किंवा बसथांबा थोडा पुढे सरकवला, तर फरक पडला की नाही हे लवकर कळतं.

आकडे वाचताना भान हवं. ज्या रस्त्याने बस जास्त धावतात तिथे शिट्याही जास्त वाजणार, म्हणून शिट्यांना फेऱ्यांच्या संख्येने भागावं लागतं. महाल या जुन्या वस्तीतल्या गल्लीबोळांत बस शिरत नाही. तिथला दुचाकीस्वार या नकाशावर दिसतच नाही. त्यासाठी पोलिसांच्या आणि मेडिकल रुग्णालयाच्या नोंदी याला जोडायला हव्यात, नावं-पत्ते वगळून.

प्रकल्पाच्या करारात दोन गोष्टी स्पष्ट लिहिलेल्या असाव्यात, असं मला ठामपणे वाटतं. शिट्यांच्या आकड्यावरून चालकाचा पगार कापायचा नाही; कापला तर चालक यंत्रच बंद ठेवील आणि नोंदी खोट्या ठरतील. दुसरं, कच्च्या नोंदींवर मालकी महानगरपालिकेची राहावी आणि ग्रे स्पॉटची यादी दहाही झोन कार्यालयांत मराठीत लागावी, म्हणजे आपल्या घराजवळचा चौक त्यात आहे का, हे कुणालाही पाहता येईल.