मघाशी नसलेले नाव

खडकीच्या वॉर सिमेट्रीत किंवा मुंबईतील शिवडीच्या दफनभूमीत आपल्या माणसाची कबर शोधणाऱ्यांशी बोलताना एक अनुभव हमखास ऐकायला मिळतो. तीच रांग दोनदा पालथी घातली, नाव कुठेच दिसले नाही, आणि निराश होऊन परत फिरताना सहज मान वळवली तर ते नाव समोर उभे. ‘मघाशी तो दगड तिथे नव्हता’, असे ही माणसे अगदी खालच्या आवाजात सांगतात. मला हा अनुभव थट्टेवारी नेण्यासारखा कधीच वाटला नाही, कारण तो मी स्वतः घेतला आहे.

शिवडीत माझ्या आईच्या आजोबांची संगमरवरी पाटी जमिनीलगत आडवी बसवलेली आहे. डिसेंबरातल्या एका दुपारी मी तिच्यावरून हात फिरवला, तेव्हा ती पार कोरी वाटली आणि मी पुढे गेलो. पाचच्या सुमारास परत आलो, तर आधी सालातला ‘९’ उमटलेला दिसला, मग आडनावाचे पहिले अक्षर, आणि बघता बघता सगळी ओळ वाचता आली. अंगावर सर्रकन काटा आला. दगडावर तर कोणीच काही केले नव्हते.

फरक पडला होता तो उन्हाच्या कोनात. संगमरवर म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट. पावसाच्या पाण्यात हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळून जे सौम्य आम्ल तयार होते, ते हा दगड वर्षानुवर्षे झिजवत राहते आणि कोरीव अक्षरे उथळ होत जातात. अक्षराची खोली अवघी १ मिलिमीटर उरली असेल, तर सूर्य क्षितिजापासून ६० अंशांवर असताना खाचेच्या कडेची सावली अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास भरते. तोच सूर्य १५ अंशांवर उतरला, की एवढ्याच उंचीच्या कडेची सावली साडेतीन मिलिमीटरांहून लांब होते आणि अख्खी खाच काळोखाने भरून जाते. म्हणून जाणकार लोक सकाळी लवकर किंवा उन्हे कलल्यावर जातात, नाहीतर आरशाने ऊन तिरपे पाडतात. तारेच्या ब्रशने दगड घासण्याचा मोह मात्र कटाक्षाने टाळावा. उरलेले अक्षरही त्याने जाते.

पण खडकीतले दगड तर स्वच्छ वाचता येतात, मग तिथे नाव का निसटते? याचे उत्तर आपल्या शोधण्याच्या सवयीत आहे. मानसशास्त्रज्ञ जेरेमी वुल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात लोकांना सामानाच्या क्ष-किरण चित्रांसारख्या दाटीच्या चित्रांत ठरावीक वस्तू शोधायला सांगितली होती. वस्तू निम्म्या चित्रांत असताना ती सुमारे ७ टक्के वेळा नजरेतून सुटली. शंभरातल्या एकाच चित्रात असताना मात्र सुमारे ३० टक्के वेळा सुटली. ‘नाही, नाही, नाही’ अशी मनाला सवय लागली, की डोळा समोरचे पुरते पाहण्याआधीच निकाल देऊन पुढे सरकतो. खडकीत दुसऱ्या महायुद्धातील १,६६८ कबरी आहेत. त्यांतली एक शोधायची म्हणजे शंभरात एक यापेक्षा कितीतरी विरळ गोष्ट शोधायची. परतताना हा निकाल देण्याची घाई संपलेली असते, पाहण्याची दिशाही उलटी असते, आणि नाव सापडते.

दगडावर नेमकी आपल्या ओळखीची तारीख कोरलेली दिसणे, हाही असाच एक अनुभव. त्याची गोष्ट याहून सोपी आहे. आपल्याच वाढदिवशी मरण पावलेला जवान समोर आला की मन हलते, आणि ते स्वाभाविक आहे. पण मृत्यूच्या तारखा वर्षभर साधारण सारख्या विखुरलेल्या आहेत असे धरले, तर १,६६८ दगडांमध्ये कोणत्याही एका तारखेचे सरासरी चार-पाच दगड निघतात, आणि निदान एक तरी असण्याची शक्यता ९९ टक्के येते. तो न सापडणे हाच खरा योगायोग ठरेल.

अशा जागी जाणवणाऱ्या शहाऱ्याचे कारण म्हणून कानाला ऐकू न येणाऱ्या खोल ध्वनिलहरींचे नाव बरेचदा घेतले जाते. ते स्पष्टीकरण मला पुरेसे वाटत नाही. लंडनमध्ये एका खोलीत मुद्दाम असे ध्वनी सोडून केलेल्या प्रयोगात, लोकांना आलेले विचित्र अनुभव आणि त्या ध्वनींचे असणे-नसणे यांचा मेळ बसला नाही.

बहुतेक मराठी घरांतून युद्धावर गेलेल्यांच्या वाट्याला मात्र कबरही आली नाही. त्यांचे दहन झाले किंवा ते बेपत्ता झाले. माणगाव तालुक्यातले नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी इटलीत धारातीर्थी पडले, व्हिक्टोरिया क्रॉसचे मानकरी ठरले, आणि त्यांचे नाव कॅसिनोच्या स्मारकावर कोरलेले आहे. तिथे त्यांच्या गावचा कोणी गेला, तर हजारो नावांत ते एक नाव दिसताच त्याच्या अंगावर काटा येईलच. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियातल्या, म्हणजे आजच्या इराकमधल्या, कूतच्या वेढ्यात अडकलेल्या १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणींतल्या साध्या शिपायांच्या घरच्यांना तेवढेही मिळाले नाही. मेसोपोटेमियाच्या मोहिमेत मेलेल्या आणि कबर ठाऊक नसलेल्या ४०,५०० हून अधिक जणांसाठी बसऱ्याला स्मारक उभारले गेले, तेव्हा हिंदी अधिकाऱ्यांची नावे कोरली गेली आणि हिंदी शिपायांची केवळ संख्या. त्या भिंतीपुढे पणतू कितीही वेळा येरझारा घालो, ऊन कितीही तिरपे होवो, तिथे त्याला वाचायला आकडाच आहे.