केमिस्ट्री आवडते म्हणून केमिकल इंजिनिअरिंग?

"केमिस्ट्रीत ९४ पडलेत ना, मग केमिकल इंजिनिअरिंगच घे." बारावीच्या निकालानंतर हा सल्ला देणारे एक काका प्रत्येक खानदानात असतातच. त्यांचंच दुसरं वाक्य: "बी.एस्सी. केमिस्ट्री काय, सीईटीत कमी पडले की घेतात." दोन्ही वाक्यांच्या मुळाशी समजूत एकच. केमिकल इंजिनिअरिंग म्हणजे जरा वरच्या दर्जाची, जरा महागडी केमिस्ट्री. या समजुतीपायी केमिस्ट्रीवर जीव असलेली पोरं दरवर्षी इंजिनिअरिंगला जातात आणि दुसऱ्या वर्षाला पाइपमधल्या पाण्याच्या दाबाची गणितं करताना "आपण इथे कशाला आलो" असं विचारत बसतात.

बी.एस्सी. केमिस्ट्रीत काय असतं ते सांगत बसत नाही. बारावीची केमिस्ट्री पुढे वाढवत नेली की तीच होते: ऑरगॅनिक, इनऑरगॅनिक, फिजिकल, अ‍ॅनालिटिकल. ब्युरेट, स्पॉटिंग, ग्रॅव्हिमेट्री, आणि जर्नलवर सही मिळवायला मॅडमच्या मागे फिरणं.

वरवरचे फरकही एका दमात उरकतो. बी.एस्सी. तीन वर्षांची, नव्या धोरणात ऑनर्स केली तर चार, इंजिनिअरिंग चार. बी.एस्सी.ला बारावी सायन्स पुरतं, गणित सोडून बायोलॉजी घेतलेल्यांनाही दार उघडं. इंजिनिअरिंगचा प्रवेश सीईटी किंवा जेईईच्या गुणांवर. फीमधला फरक सगळ्यांना माहीत आहे. करिअर मार्गदर्शनाच्या व्याख्यानांत पाऊण तास यावरच जातो, आणि खरा फरक तसाच राहतो.

तो बघायला अ‍ॅसिटॅनिलाइडचं नायट्रेशन (त्याच्या रेणूतल्या कार्बनच्या रिंगला नायट्रो गट जोडणं) घेऊ. बी.एस्सी.च्या प्रॅक्टिकलमधलं हे नेहमीचं प्रिपरेशन. फ्लास्कमध्ये अ‍ॅसिटॅनिलाइड, त्यावर ग्लेशियल अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड, मग कॉन्सन्ट्रेटेड सल्फ्युरिक. फ्लास्क बर्फात. नायट्रिक आणि सल्फ्युरिकचं थंड मिश्रण ड्रॉपरने थेंब थेंब, हलवत हलवत, थर्मामीटर १० अंशांच्या वर जाऊ न देता. थोडा वेळ बाहेर ठेवून सगळं बर्फाच्या चुऱ्यावर ओतलं की फिकट पिवळसर प्रेसिपिटेट खाली बसतो. गाळायचं, धुवायचं, अल्कोहोलमधून रिक्रिस्टलाइझ करायचं. नायट्रो गट शेजारच्या जागी बसलेला ऑर्थो आयसोमर अल्कोहोलमध्ये राहून जातो, समोरच्या जागी बसलेला पॅरा हाती लागतो. मेल्टिंग पॉइंट २१५ अंशांच्या आसपास आला की सही.

तोंडी परीक्षेत विचारतात: पॅराच जास्त का? रिंगवर हल्ला करणारा नायट्रोनियम आयन कसा तयार होतो? सल्फ्युरिकचं काम काय? मेकॅनिझमचे, म्हणजे बंध कसे तुटतात-जुळतात त्या पायऱ्यांचे, बाण काढून दाखव. हे सगळे केमिस्ट्रीचे प्रश्न. काय झालं, का झालं, रिंगवर कुठल्या जागी झालं.

आता हीच रिअ‍ॅक्शन ५,००० लिटरच्या ग्लास-लाइन्ड रिअ‍ॅक्टरमध्ये घ्या. मेकॅनिझम तोच. आपण कॉलेजच्या फ्लास्कमध्ये आहोत की तारापूरच्या एमआयडीसीत, हे नायट्रोनियम आयनला कळत नाही. बदलतं ते उष्णतेचं गणित.

२५० मिलीवरून ५,००० लिटरवर गेलात म्हणजे आकारमान २०,००० पट झालं. रिअ‍ॅक्शन सगळ्या द्रवात होते, म्हणून निघणारी एकूण उष्णताही २०,००० पट. ती बाहेर पडणार मात्र भांड्याच्या भिंतीतून. भांड्याचा घाट तोच ठेवला तर लांबी, रुंदी, उंची साधारण २७ पट होते आणि भिंतीचं क्षेत्रफळ २७ गुणिले २७, म्हणजे सव्वासातशे पटीच्या थोडं वर. २०,००० पट उष्णता काढायला जेमतेम सव्वासातशे पट भिंत. दर लिटरच्या वाट्याला येणारी भिंत २७ पटींनी घटली. बशीत ओतलेला चहा पटकन निवतो आणि पातेल्यातला बराच वेळ वाफाळत राहतो, त्यातलाच हा प्रकार. फ्लास्कमध्ये मिश्रण घालायला दहा मिनिटं लागली असतील, तर बाकी सगळं तसंच धरून रिअ‍ॅक्टरमध्ये त्याला साडेचार तास लागायला हवेत. कुठल्याही मेकॅनिझमच्या बाणात हे साडेचार तास दिसत नाहीत.

म्हणून इंजिनिअरचे प्रश्न निराळे. जॅकेटमध्ये, म्हणजे भांड्याभोवतीच्या पोकळ कवचात, ब्राइन (थंडाव्यासाठीचं खारं पाणी) किती अंशांचं सोडायचं, किती वेगाने? अ‍ॅजिटेटर (आतला ढवळणारा पंखा) किती आरपीएमवर? लाइट गेली आणि अ‍ॅजिटेटर थांबला तर अ‍ॅसिडचा व्हॉल्व्ह आपोआप बंद होतो का, की कुणी धावत जाऊन बंद करायचा? बॅच हाताबाहेर गेली तर ती कशात सोडायची?

इथेच केमिस्ट्रीवाला हमखास फसतो. बर्फाच्या सवयीमुळे त्याच्या डोक्यात पक्कं असतं की थंड म्हणजे सुरक्षित. प्लांटमध्ये फार थंड हेही संकट असतं. तापमान जास्त उतरलं की रिअ‍ॅक्शन मंदावते, पण वरून अ‍ॅसिड पडतच असतं. ते न वापरता आत साठत जातं. पॅनेलवर तापमान खाली, सगळं आलबेल वाटतं. मग कुणीतरी "बॅच फार थंड झालीय, जरा गरम करू" म्हणतं, आणि साठलेलं अ‍ॅसिड एकदम कामाला लागतं. बंद पडलेला अ‍ॅजिटेटर तसाच पुन्हा सुरू केला तरी हेच. अशा वेळी विचारायचं एकच: आत घातलेल्यापैकी किती संपलं आणि किती शिल्लक आहे? मी तर म्हणेन, हा प्रश्न आपसूक सुचायला लागला की माणूस इंजिनिअर झाला.

आणि अभ्यासक्रमातला फरक बघायचा तर अर्‍हेनियसचं समीकरण बघा. तापमानाने रिअ‍ॅक्शनची गती किती बदलते हे सांगणारं हे समीकरण दोन्हीकडे आहे. बी.एस्सी.त वेगवेगळ्या तापमानांना रेट कॉन्स्टंट मोजतात, लॉगचा ग्राफ काढतात, स्लोपवरून अ‍ॅक्टिव्हेशन एनर्जी येते, विषय संपला. इंजिनिअरिंगमध्ये तेच समीकरण उष्णतेच्या ताळेबंदात घालतात. तापमान वाढलं की रिअ‍ॅक्शनची गती, आणि तिच्याबरोबर उष्णता, दुपटी-तिपटीने चढते; जॅकेट उष्णता काढतं ती फक्त तापमानातल्या फरकाच्या सरळ प्रमाणात. एका ठरावीक बिंदूपलीकडे चढणारी रेघ सरळ रेघेला मागे टाकते आणि मग ब्राइनचा कितीही मारा केला तरी उपयोग नसतो. तो बिंदू कुठे आहे, हे विचारणं म्हणजे केमिकल इंजिनिअरिंग.

ही नुसती पुस्तकी भीती नाही. १९ डिसेंबर २००७ रोजी अमेरिकेत फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिलला टी२ लॅबोरेटरीज नावाच्या छोट्या कारखान्यात रिअ‍ॅक्टरचा स्फोट होऊन चार जण गेले. पेट्रोलमध्ये घालायचं एक रसायन तिथे बनत असे. आधीचे प्रयोग एक लिटरच्या रिअ‍ॅक्टरमध्ये झाले होते. प्लांटमधला रिअ‍ॅक्टर नऊ हजार लिटरच्या वरचा. त्या दिवशी कूलिंग बंद पडलं आणि दुसरी सोय नव्हती. तापमान २०० अंशांच्या आसपास गेल्यावर सोडियम आणि सॉल्व्हंट यांच्यात दुसरीच रिअ‍ॅक्शन सुरू झाली, पहिलीपेक्षा कितीतरी उग्र. कारखान्याच्या मालकांपैकी एक केमिस्ट होता आणि दुसरा केमिकल इंजिनिअर, म्हणजे दोन्ही पदव्या हजर होत्या. चौकशी करणाऱ्या केमिकल सेफ्टी बोर्डाने शेवटी शिफारस केली ती पदवीच्या अभ्यासक्रमाबद्दलच: अशा रिअ‍ॅक्शनचे धोके केमिकल इंजिनिअरिंगच्या पोरांना कॉलेजात शिकवा. इंजिनिअर हा केमिस्टच्या वरचा, असं मानणाऱ्या काकांना ही गोष्ट जरूर सांगा.

घोळ होतो यात सगळा दोष काकांचाही नाही म्हणा. पुण्यातल्या पाषाणची एनसीएल म्हणजे राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, आणि तिचे संचालक राहिलेले डॉ. रघुनाथ माशेलकर शिक्षणाने केमिकल इंजिनिअर, माटुंग्याच्या यूडीसीटी या रसायन-तंत्रज्ञानाच्या संस्थेचे. त्यांच्या आधीचे संचालक डॉ. दोराईस्वामीही केमिकल इंजिनिअरच. वर्तमानपत्रं दोघांनाही सरळ 'शास्त्रज्ञ' लिहितात, ते चूकही नाही, पण वाचणाऱ्याला वाटतं की दोन्ही रस्ते एकच. त्याच यूडीसीटीचे, म्हणजे १९३३ साली सुरू झालेल्या आणि आता आयसीटी म्हणवणाऱ्या संस्थेचे, मुकेश अंबानीही विद्यार्थी. ते नाव निघालं की चर्चाच बंद होते. एमआयडीसीत तर आणखी गंमत. लोटे, महाड, कुरकुंभ, कुठेही जा, लहान कारखान्यात रात्रपाळीला रिअ‍ॅक्टर सांभाळणारा 'शिफ्ट केमिस्ट' बहुतेक वेळा बी.एस्सी.च असतो. तो ब्राइनचा व्हॉल्व्ह अनुभवावर शिकलेला असतो. हुद्दे आणि पदव्या यांचा मेळ तिथे कुणी घालत नाही. औषधाच्या दुकानाच्या पाटीवरचा 'केमिस्ट' हा फार्मसीवाला. त्याचा या दोघांशी संबंध नाही, तेवढं तरी आता सोडून द्या.

आपला कल कुठे आहे हे तपासायला अ‍ॅप्टिट्यूड टेस्टवाल्यांना हजारो रुपये द्यायची गरज नाही. हे गणित सोडवा. ताशी १,००० किलो मिश्रण डिस्टिलेशन कॉलममध्ये (उकळून द्रव वेगळे करणाऱ्या उंच मनोऱ्यात) जातंय, त्यात ४० टक्के बेंझिन, बाकी टोल्युइन. वरून निघणाऱ्या प्रवाहात ९५ टक्के बेंझिन हवं, खालच्यात ५ टक्के. वरून ताशी किती किलो निघेल? दोन समीकरणं मांडली की उत्तर येतं, ३८९ किलो. आता बघा, यात एकही बंध तुटला नाही की जुळला नाही. बेंझिनच्या जागी दुसरं काहीही घाला, गणित तेच. दुसऱ्या वर्षाचा बराचसा काळ असल्याच हिशोबांत जातो. मग फ्लुइड फ्लो, हीट ट्रान्सफर, मास ट्रान्सफर, कंट्रोल. रिअ‍ॅक्शन बहुतेक वेळा प्रश्नात एका ओळीत दिलेली असते. हे गणित सोडवताना "पण बेंझिन आधी का उकळतं?" हेच डोक्यात घोळत राहिलं, तर बी.एस्सी. घ्या, आणि खुशाल मान ताठ ठेवून घ्या. "मग कॉलमची उंची किती लागेल?" असं सुचलं, तर इंजिनिअरिंग.

माझं स्पष्ट मत: गणिताचा कंटाळा असलेल्या मुलाने केवळ केमिस्ट्रीतल्या गुणांवर केमिकल ब्रँच घेऊ नये. त्यापेक्षा चांगल्या प्रयोगशाळेचं कॉलेज बघून बी.एस्सी. करावी. आणि बी.एस्सी. केलीत तर तिथे थांबू नका, नुसत्या बी.एस्सी.वर क्यूसीत (कारखान्याच्या गुणवत्ता तपासणीत) टायट्रेशनं करत वर्षं जातात. एम.एस्सी.साठी आयआयटीची जॅम परीक्षा आहे, पुढे संशोधनाला सीएसआयआर नेट. विचार बदललाच, तर बारावीला गणित असलेल्या बी.एस्सी.वाल्यांसाठी इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाचा रस्ताही आहे, तिथे मात्र वर सांगितलेली सगळी गणितं समोर उभी असतात.

आणि पुढे एम.टेक.साठी गेट परीक्षेचा फॉर्म भरताना डोळे उघडे ठेवा. 'सीएच' हा पेपर केमिकल इंजिनिअरिंगचा आहे. केमिस्ट्रीचा कोड 'सीवाय'.