सुपरट्रेन आणि मार्क ३ : रंग एक, डबे दोन

आयर्लंडच्या जुन्या केशरी-काळ्या रेल्वेगाडीचा फोटो कोणाला दाखवला की उत्तर ठरलेलं, "हां, मार्क ३ ना?" आणि बऱ्याचदा तो मार्क ३ नसतोच, मार्क २ असतो (ही ब्रिटिश रेल्वेच्या डब्यांच्या दोन पिढ्यांची नावं). गोंधळ होणं साहजिक आहे म्हणा, दोन्हीचं मूळ इंग्लंडमधलं डर्बी, दोन्ही बहुतांशी एसी, दोघांच्याही गाडीला वीज देणारी वेगळी जनरेटर व्हॅन, रंगही तोच, आणि रिटायरसुद्धा पाठोपाठ झाले, मार्क २ वाले २००८ मध्ये आणि मार्क ३ वाले सप्टेंबर २००९ मध्ये. पण ज्यांना या डब्यांची आठवण येते त्यांच्याशी जरा बोलून बघा, दोघांबद्दल बोलताना माणसाचा सूरच बदलतो. मी २००७ ला डब्लिनला आलो, म्हणजे दोघांचीही अगदी शेवटची वर्षं माझ्या वाट्याला आली, आणि हे दोन डबे एकाच नावाखाली ढकललेले मला बघवत नाहीत म्हणून हे लिहायला घेतलं.

आधी मार्क २. इथली जुनी माणसं त्याला मार्क २ म्हणतच नाहीत, सुपरट्रेन म्हणतात, नाहीतर एसी स्टॉक. सीआयई म्हणजे इथली सरकारी वाहतूक कंपनी, रेल्वे तेव्हा तिच्याकडेच होती (इयार्नरोड एरन ही वेगळी रेल्वे कंपनी १९८७ ला झाली), तर या सीआयईने १९७२ मध्ये हे डबे आणले आणि सुपरट्रेन हे नाव देऊन गाजावाजा करून चालवले. तो प्रसिद्ध केशरी-काळा रंग आला तो यांच्याबरोबरच. त्याआधीच्या डब्यात हिवाळ्यात ऊब यायची ती वाफेच्या पाइपातून, आणि इथे एकदम एसी, डबल काचेच्या बंद खिडक्या, बाहेर पाऊस झोडपतोय आणि आत तुम्ही निवांत चहा पिताय. आज साठी ओलांडलेल्या माणसासाठी सुपरट्रेन म्हणजे लहानपणी पाहिलेली पहिली मॉडर्न गोष्ट आहे, घरी फोन यायच्या आधीची.

मार्क ३ ची गोष्ट याच्या उलट, ती दुःखातून सुरू होते. १ ऑगस्ट १९८० ला बटेव्हंट स्टेशनजवळ डब्लिनहून कॉर्कला जाणारी गाडी घसरली, १८ माणसं गेली. पुढे ऑगस्ट १९८३ मध्ये चेरीव्हिल जंक्शनला दोन गाड्यांची टक्कर, ७ जण गेले. लाकडी सांगाड्याचे जुने डबे अशा वेळी कसे चुरगळतात ते सगळ्या देशाने पाहिलं, आणि मग ते डबे काढून टाकायचे हे पक्कं झालं. त्यांच्या जागी १९८४ पासून जे पोलादी डबे आले ते मार्क ३. म्हणून मार्क ३ नुसते नवीन डबे म्हणून आले नव्हते, आता माणूस गाडीत सुखरूप बसेल असा एक शब्द त्यांच्याबरोबर लोकांना दिला गेला होता. काही डब्यांची जुळणी तर डब्लिनमधल्याच इंचिकोर वर्कशॉपमध्ये झाली, त्यामुळे तिथे काम केलेल्या माणसांच्या घरात मार्क ३ हा आपला डबा आहे.

आता समोर उभे असतील तर ओळखायचे कसे. छत बघा आधी, मार्क ३ च्या छतावर लांबीभर उंचवट्याच्या रेघा असतात, पत्र्याला घड्या घातल्यासारख्या, मार्क २ चं छत गुळगुळीत. मग खाली वाकून बघा, मार्क २ च्या पोटाखाली टाक्या, पेट्या, पाइप सगळं उघडं लटकलेलं दिसतं, मार्क ३ ला ते सगळं नीट झाकून घेतलंय. लांबीतही फरक आहे, मार्क २ साधारण २० मीटर आणि मार्क ३ साधारण २३. आणि अंगावरचा नंबर दिसला तर प्रश्नच मिटला, सुपरट्रेनचे नंबर ५ ने सुरू होणारे चार आकडी, मार्क ३ चे ७ ने (पुश-पुलवाले, म्हणजे इंजिन न फिरवता दोन्ही दिशांना चालणाऱ्या गाड्यांचे, ६ ने). रंगावर मात्र जाऊ नका, पुढे दोघांनाही पांढरे पट्टे आले आणि लांबून दोघं सख्खे भाऊ दिसायला लागले.

पण माझ्यासाठी खरा फरक दाराचा. मार्क २ ला साधं बिजागरीचं दार, हाताने उघडायचं आणि हातानेच आपटायचं. गाडी सुटायच्या आधी पार पुढच्या डब्यापासून धाड, धाड, धाड असा आवाज तुमच्याकडे चालत यायचा, तुमचं दार लागायचं, मग आवाज मागे निघून जायचा, आणि एखादं दार अर्धवट लागलेलं असलं की प्लॅटफॉर्मवरचा माणूस काही न बोलता येऊन तळहाताने ते आत दाबायचा, मग शिट्टी. दाराची काच खाली करून मी एकदा डोकं बाहेर काढून उभा होतो, पुढून ०७१ डिझेल इंजिनाचा तो जाड घुमणारा आवाज येत होता, ओल्या गवताचा वास, थंडीने कान दुखायला लागले तरी आत जाववेना. मार्क ३ ला हे काही नाही, पॉवरची दारं, बटण दाबा, उघडली, मिटली, झालं. आणि इथेच ब्रिटनहून आलेला रेल्वेवेडा हमखास फसतो, कारण त्यांच्याकडच्या मार्क ३ ला वर्षानुवर्षं हाताने आपटायचीच दारं होती, त्यामुळे आपटणारं दार दिसलं की तो म्हणणार मार्क ३, आणि आयर्लंडमध्ये नेमकं ते उलटं आहे.

दुसरी गोष्ट शांततेची, आणि यात मार्क ३ च्या जवळपास कोणी येत नाही. इंजिन पुढे, जनरेटर वेगळ्या व्हॅनमध्ये (आपल्याकडे एलएचबी गाड्यांना टोकाला घोंघावणारी पॉवर कार असायची, तसंच समजा), मधल्या डब्यात बसलं की फक्त रुळांचा आवाज. मार्क २ मध्ये पण इंजिन सीटखाली नव्हतंच, पण तो जरा हलायचा, कपातला चहा बशीत यायचा. मार्क ३ मध्ये कॉर्कला जाताना मी पेपरात अख्खं शब्दकोडं पेनने सोडवलंय आणि अक्षर कुठे वाकडं गेलं नाही. यांच्या जागी ज्या आल्या त्या २२००० क्लास, कोरियात बनलेल्या, प्रत्येक डब्याखाली स्वतःचं इंजिन. चांगल्या गाड्या आहेत, जास्त फेऱ्या त्यांच्यामुळेच शक्य झाल्या हे मी मान्य करतो, पण पायाखाली सतत ती थरथर.

तर आठवण दोघांची येते पण दुखतं वेगवेगळ्या जागी. सुपरट्रेन ३५ वर्षं चालून गेली, पिकलं पान गळावं तसं, त्यामुळे तिच्याबद्दल बोलताना लोक हसतात, आजोबांबद्दल बोलावं तसं बोलतात. मार्क ३ चं तसं नाही, त्यातले बरेचसे डबे जेमतेम पंचवीस वर्षांचे, काही तर वीसच, आणि तिकडे ब्रिटनमध्ये त्याच घराण्यातले याहून जुने डबे नंतरही कितीतरी वर्षं पळत होते. मग हे तिकडे का नाही विकले? आयर्लंडचा गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, १६०० मिलीमीटर (ब्रिटनचा १४३५, आपला १६७६), म्हणजे डबा उचलून दुसऱ्या देशात ठेवला असं होत नाही, खालचे चाकांचे सांगाडे बदलावे लागतात, आणि तेवढा खर्च करून घेणारं गिऱ्हाईक कुठून आणणार. डबे काही वर्षं यार्डात उभे राहिले, काचा फुटल्या, रंग उडाला, मग बहुतेक सगळे भंगारात गेले. डेक्कन क्वीनला जून २०२२ मध्ये एलएचबी डबे लागले तेव्हा पुण्यात जे वाटलं ते यातलं पहिलं दुःख, सुपरट्रेनवालं. दुसरं दुःख म्हणजे धडधाकट गोष्ट नको म्हणून टाकून देणं, ते जास्त काळ राहतं असं मला वाटतं.

एक छोटी सूचना, मार्क २ म्हटलं की सगळे सुपरट्रेनच असंही धरू नका. ब्रिटनमधून नंतर घेतलेले सेकंड हँड, बिगर-एसी मार्क २ पण आयर्लंडमध्ये चालले, आणि उत्तरेत बेलफास्टकडच्या एनआयआरचे (उत्तर आयर्लंडची रेल्वे) मार्क २ तर पूर्ण वेगळे. जुन्या गाड्या जपणाऱ्या व्हाइटहेडच्या रेल्वे प्रिझर्व्हेशन सोसायटीच्या स्टीम गाडीला बेलफास्टच्या बाजूला जे मार्क २ लागतात ते सुपरट्रेनचे नव्हेत. त्याच सोसायटीची डब्लिनची गाडी असते ती क्रेव्हन्सची, १९६० च्या दशकातल्या डब्यांची, त्यांचा विषय वेगळा.

मार्क ३ मधले दहा डबे मात्र २०१६ मध्ये नवा जन्म घेऊन आले, ग्रँड हायबर्नियन नावाची आलिशान स्लीपर गाडी, फक्त ४० प्रवासी, आणि कोविडमध्ये तीही थांबली. बाकी आज मार्क ३ रोज धावताना बघायचा असेल तर डब्लिनच्या कॉनॉली स्टेशनवर जा आणि बेलफास्टच्या एंटरप्राइज या गाडीची वाट बघा. डबे फ्रान्सचे आहेत त्यांच्याकडे बघू नका, वीज देणारी व्हॅन शोधा आणि तिचं छत बघा. त्या रेघा दिसतील. २०१२ मध्ये जुन्या मार्क ३ च्या जनरेटर व्हॅन दुरुस्त करून या गाडीला लावल्या, कारण इंजिनालाच वीजही पुरवायला लावलं की इंजिन लवकर थकायचं. मी गेल्या महिन्यात मुलीला घेऊन गेलो होतो, ती म्हणाली "बाबा, यात तर माणसंच बसत नाहीत," आणि मग व्हॅन सुरू झाली तसे तिने दोन्ही कान घट्ट दाबून धरले, गाडी पार दिसेनाशी होईपर्यंत.