कवटीवर हात ठेवून विचार करणारा सांगाडा

एक सांगाडा थडग्यासारख्या चौथऱ्याला टेकून उभाय, पायावर पाय टाकून, एक हात दुसऱ्याच कुणाच्या तरी कवटीवर, आणि विचार चाललाय. हे चर्चमधलं चित्र नाही, अॅनाटॉमीच्या, म्हणजे शरीररचनेच्या पुस्तकातलं आहे! १५४३ साली स्वित्झर्लंडमधल्या बासेलला छापलेलं. लेखक आंद्रेयास व्हेसालिअस, इटलीतल्या पादुआत शिकवायचा, वय २८. चौथऱ्यावर लॅटिनमध्ये कोरलंय की माणूस बुद्धीने जगतो, बाकी सगळं मरणाच्या वाट्याचं.

आता गंमत बघा, स्नायूच नसतील तर हाडं अशी उभी राहतीलच कशी, तिथल्या तिथे ढीग होईल, आणि हे व्हेसालिअसला चांगलं ठाऊक होतं. त्याच पुस्तकातल्या स्नायूंच्या चित्रांत तो तेच दाखवतो. पहिला माणूस कातडी उतरवलेली असूनही रुबाबात उभा, मग एकेक थर निघतो तसतसा तो ढेपाळत जातो, सातव्या चित्रात तर बिचाऱ्याला दोरीने टांगावं लागलंय आणि श्वासपटल (छाती आणि पोट यांमधला स्नायूचा पडदा) काढून शेजारच्या भिंतीवर डकवलंय. मागे मात्र टेकड्या, घरं, सगळं निवांत. चिरायला मिळणारी प्रेतं बरीचशी फाशी गेलेल्यांची असायची, त्यामुळे ती दोरी बघून तेव्हाच्या लोकांना काय आठवत असेल ते सांगायला नको. शरीर म्हणजे देवाची कारागिरी आणि शरीर म्हणजे शेवटी माती, दोन्ही एकाच पानावर.

पण मला खरी भारी वाटते ती मेंदूची भानगड. गेलन हा जुना ग्रीक वैद्य सांगून गेलेला की मेंदूच्या तळाशी रक्तवाहिन्यांचं एक अद्भुत जाळं असतं, तिथे रक्तातलं प्राणतत्त्व आणखी शुद्ध होतं आणि मग मज्जातंतूंतून शरीरभर फिरतं. हजार वर्षांहून जास्त काळ बहुतेक सगळ्यांनी ते मानलं. व्हेसालिअसनेही १५३८ च्या चित्रांत ते जाळं काढलं होतं! १५४३ मध्ये मात्र तो म्हणतो, माणसात असलं काही नाही, ते मेंढी-बैलात असतं, गेलनने प्राणी चिरले म्हणून हा घोळ. आणि पूर्वी लोकांसमोर माणसाचं डोकं उघडताना जाळं दाखवायला आपण कोकराचं किंवा बैलाचं डोकं हाताशी ठेवायचो, हेही त्याने त्याच पुस्तकात लिहून टाकलंय. मग हे जाळंच नसेल, तर आत्मा नेमका राहतो कुठे? त्यावर तो सरळ अंग काढून घेतो, कारण धर्मपंडित लगेच पाखंडी ठरवायला टपलेले.